जूनमध्ये जमले, शाळा भरल्यावर का नाही?

2008 चा जून. बिहारमधल्या पश्चिम चंपारण जिल्ह्यात उन्हाळ्याची सुट्टी सुरू होती, तरी काही गावांतल्या सरकारी शाळा उघड्या होत्या. तिसरी ते पाचवीतली, वाचताना अडखळणारी मुले तिथे येत होती. शिकवणारे सरकारी शाळांचेच शिक्षक होते, मदतीला स्वयंसेवक. कोण कितवीत आहे हे बाजूला ठेवले होते. ज्याला अक्षरे येत नाहीत त्याने अक्षरांपासून सुरुवात करायची, ज्याला शब्द जमतात त्याने वाक्यांकडे जायचे. हे महिनाभर चालले. नंतर मुले तपासली तेव्हा ती पुढे सरकलेली दिसली, तीही एवढ्या थोड्या दिवसांत.

मग सुट्टी संपली आणि शाळा भरली. त्याच जिल्ह्यातल्या शाळांना तेच साहित्य मिळाले आणि शिक्षकांना त्याच पद्धतीचे प्रशिक्षणही मिळाले. सुमारे दोन वर्षे हा प्रयोग चालला. ज्या शाळांत नुसते साहित्य दिले होते तिथे काही बदल झाला नाही. जिथे साहित्यासोबत प्रशिक्षणही दिले होते तिथेही मुलांच्या वाचनात दाखवण्याजोगा फरक पडला नाही.

शिक्षकांना शिकवता येत नाही म्हणावे, तर सुट्टीत त्यांच्याच मंडळींनी शिकवून दाखवले होते. पद्धतीत खोट असती तर ती जूनमध्येही दिसली असती. मुलेही त्याच वस्त्यांतली होती. मग जून आणि जुलै यांच्या मध्ये बदलले काय?

हा प्रश्न ज्या संस्थेसमोर उभा राहिला ती 'प्रथम'. तिचा जन्म मुंबईतला. मराठी वाचकाला तिचे नाव बहुधा 'असर' या अहवालामुळे माहीत असते. दर एक-दोन वर्षांनी जानेवारीत वर्तमानपत्रांत 'पाचवीतल्या निम्म्या मुलांना दुसरीचा धडा वाचता येत नाही' अशी बातमी येते, चार दिवस चर्चा होते, मग सगळे शांत. मला त्या बातमीपेक्षा तिच्यामागचा प्रवास जास्त मोलाचा वाटतो. आपली पद्धत चालते हे या संस्थेने एकदा सिद्ध केले आणि तिथेच न थांबता ती कुठे चालत नाही हेही पुन्हा पुन्हा तपासू दिले. अपयशाचे आकडे स्वतःच्या नावासह छापू देणाऱ्या संस्था आपल्याकडे फार नाहीत.

मुंबईतली सुरुवात

1989 च्या सुमारास राष्ट्रीय साक्षरता अभियानाचे वारे मुंबईच्या वस्त्यांतही पोहोचले होते. माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात, रसायनशास्त्र शिकवणारे माधव चव्हाण त्या कामात ओढले गेले. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातून पीएच.डी. करून ते परतले होते. वडील यशवंत चव्हाण हे लाल निशाण पक्षाचे कामगार नेते; माजी मुख्यमंत्री यशवंतराव ते हे नव्हेत, नावामुळे अनेकांचा घोटाळा होतो म्हणून सांगितले. घरात चळवळ आणि हातात विज्ञान, हा जोड पुढे संस्थेच्या स्वभावात उतरलेला दिसतो. त्यांच्या बरोबर होत्या फरीदा लांबे. त्या निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयात शिकवत आणि वस्ती, पालिका, पोलीस, पालक यांच्याशी बोलायचे कसे हे त्यांना पक्के ठाऊक होते.

1990 च्या दशकाच्या मध्यावर युनिसेफ, मुंबई महापालिका आणि शहरातले काही नागरिक एकत्र आले आणि 'प्रथम' हा न्यास उभा राहिला. 1995 पासून काम सुरू झाले ते बालवाड्यांपासून. इमारत बांधायची नाही हे आधीच ठरले होते. देवळाचा ओटा, मंडळाची खोली, कुणाच्या घराचा पुढचा भाग, जिथे वीस मुले बसतील तिथे बालवाडी. शिकवणारी मुलगी त्याच वस्तीतली, दहावी-बारावी झालेली. खर्च इतका कमी की पुढची बालवाडी उघडायला देणगीदाराची वाट पाहावी लागू नये. काही वर्षांतच मुंबईत अशा हजारो बालवाड्या झाल्या.

बालवाडीतून मूल पालिकेच्या शाळेत गेले की मात्र दुसरेच चित्र दिसे. मुंबई महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड, इंग्रजी अशा आठ माध्यमांतून चालत. मूल पटावर असे, वर्गात बसे, पुस्तक उघडे ठेवी आणि तिसरी-चौथीपर्यंत वाचायला न शिकताच पुढे जाई. हजेरी आणि शिकणे यांच्यातली ही फट तेव्हा सरकारी आकड्यांत दिसतच नव्हती. किती मुले शाळेत आली ते मोजले जाई, आल्यावर त्यांचे काय झाले ते नाही.

यावर 1998 मध्ये 'बालसखी' सुरू झाली. वस्तीतलीच एक तरुणी रोज शाळेत यायची. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुले बाजूला घ्यायची आणि शाळेच्या वेळेतले सुमारे दोन तास त्यांच्यासोबत अक्षरे, शब्द, बेरीज-वजाबाकी करायची. बाकीची मुले वर्गात नेहमीच्या बाईंकडे. बालसखीला प्रशिक्षण साधारण दोन आठवड्यांचे आणि मानधन महिना 500 ते 750 रुपये.

या मानधनावर जरा थांबायला हवे. ज्या कामामुळे मुले वाचू लागली त्या कामाची किंमत महिना साडेसातशे रुपये धरली गेली, आणि ते काम बहुतेक वेळा गरीब घरातल्या मुलींनी केले. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी 'प्रति मूल वर्षाला सव्वादोन डॉलर' असा खर्च काढून या योजनेचे कौतुक केले. हिशेब बरोबरच आहे, पण त्या स्वस्ताईचा भार कुणाच्या खांद्यावर होता तेही त्याच ओळीत लिहायला हवे होते असे मला वाटते. कंत्राटी, मानधनी, 'सेवाभावी' मनुष्यबळावर सरकारी शिक्षण चालवण्याची सवय आपल्या राज्यांना आधीच होती; तिला यातून आणखी एक आधार मिळाला, ही शिक्षक संघटनांची तक्रार मला निराधार वाटत नाही.

पहिली परीक्षा

2001 पासून तीन वर्षे अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडन यांनी मुंबई आणि वडोदरा इथल्या बालसखीची परीक्षा घेतली. मुंबईत अभ्यासाचे क्षेत्र होते कुर्ल्याचा एल विभाग. रीत औषधांच्या चाचणीसारखी. उदाहरणार्थ वडोदऱ्यात चिठ्ठ्या टाकल्यासारखे करून काही शाळांत तिसरीला बालसखी दिली, काही शाळांत चौथीला. म्हणजे प्रत्येक शाळेला काहीतरी मिळाले, आणि तुलनेसाठी दोन्हीकडे बालसखी नसलेली एक इयत्ताही मिळाली.

निकाल 2007 मध्ये सविस्तर प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षी बालसखी असलेल्या इयत्तांतली मुले सरासरीने 0.14 प्रमाण विचलन (मुलामुलांच्या गुणांतल्या नेहमीच्या फरकाशी ताडून प्रगती मोजायचे एकक) पुढे गेली, दुसऱ्या वर्षी 0.28. शिक्षणातल्या प्रयोगांत हा आकडा लहान नाही, आणि जी मुले सर्वांत मागे होती त्यांनाच सर्वाधिक लाभ झाला. आणखी एक गोष्ट या अभ्यासातून कळली, ती बातम्यांत फारशी आली नाही. पंधरा-वीस मुले बाहेर गेल्यावर मूळ वर्गाचा पट कमी होत होता. तरी वर्गात उरलेल्या मुलांच्या शिकण्यात काही वाढ झाली नाही. पट कमी झाला पण शिकवणे तेच राहिले, तर नुसत्या कमी पटाने मूल शिकत नाही. ज्याने बालसखीकडे बसून आपल्या पायरीचे शिकले, तेच पुढे गेले.

वर्षभरानंतर पुन्हा तपासले तेव्हा सरासरी लाभाचा बराचसा भाग विरला होता, हेही त्याच अहवालात आहे.

एक कागद

दरम्यान संस्थेचे काम शहराबाहेर पडले होते. मुलांना लवकर वाचते कसे करायचे यावर वर्गांत प्रयोग चालू होते. भिंतीवर बाराखडीचा तक्ता, रोज त्यावरून बोट फिरवत मोठ्याने म्हणणे, मोठ्या अक्षरांतली लहानशी गोष्ट, गोष्टीवर गप्पा, मग फरशीवर खडूने लिहिणे. पहिल्या दिवसापासून गोष्टीचा कागद मुलाच्या हातात असे, अक्षरे पूर्ण होईपर्यंत तो थांबवून ठेवला जात नसे. वाचायला पुस्तके हवीत आणि भारतीय भाषांत स्वस्त, चांगली पुस्तके नाहीत, या अडचणीतून 2004 मध्ये 'प्रथम बुक्स' ही वेगळी संस्था निघाली. मराठी घरांतून आज तिची चित्रपुस्तके दिसतात.

मुलांचे गट पाडायचे तर आधी कोण कुठे आहे हे कळायला हवे. त्यासाठी तयार झाला एक कागद. त्यावर चारच गोष्टी: काही अक्षरे, काही सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार वाक्यांचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. मुलाला आधी उतारा द्यायचा. जमला तर गोष्ट, नाही जमला तर शब्द, तेही नाही तर अक्षरे. मूल जिथे सहज वाचते ती त्याची पातळी. गणितासाठीही असाच कागद: 1 ते 9 अंक, दोन अंकी संख्या, हातच्याची वजाबाकी, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे. एका मुलाला पाच-दहा मिनिटे लागतात. कुणीही आपल्या घरातल्या तिसरी-चौथीतल्या मुलासोबत हे करून पाहावे. शंभरपैकी किती गुण हे सांगण्यापेक्षा कितीतरी अधिक त्यातून कळते.

या कागदाची खरी ताकद अशी की तो गावातल्या अशिक्षित आईलाही समजतो. मूल तिच्या ओसरीवर बसून, तिच्यादेखत वाचते किंवा अडखळते. निकाल तिला कुणी सांगावा लागत नाही.

2004 मध्ये केंद्र सरकारने करांवर 2 टक्के शिक्षण उपकर लावला. पैसा येणार होता, पण मुले शिकतात का याचा देशभराचा आकडा कुणाकडेच नव्हता. 2005 मध्ये हाच कागद घेऊन ग्रामीण भारताचे पहिले 'असर' सर्वेक्षण झाले. पाहणी शाळेत न करता घरोघरी करायची, कारण शाळेत गैरहजर असलेले, शाळा सोडलेले, खासगी शाळेत गेलेले मूल घरीच सापडते. 2006 पासून प्रत्येक जिल्ह्यात 30 गावे, प्रत्येक गावात 20 घरे, अशी रचना झाली. पाहणी करणारे स्थानिक महाविद्यालयांचे, अध्यापक विद्यालयांचे विद्यार्थी आणि संस्थांचे कार्यकर्ते. 2014 पर्यंत ती दर वर्षी झाली.

एका वस्तीत उपचारासाठी बनलेले साधन असे देशाचा ताप मोजायला लागले. कागदावर एकदम चार वाक्ये वाचणे म्हणजे वाचन नव्हे, आकलनाचे काय, बोलीभाषेचे काय, या टीकेत तथ्य आहे. पण 2010 मध्ये पाचवीतल्या 53.7 टक्के मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत होता आणि 2012 मध्ये तो आकडा 46.8 वर आला, तेव्हा प्रश्न आकलनाच्या खूप आधी अडलेला होता. ज्याला 'नदीत पाणी आहे' हे वाक्यच फोडता येत नाही, त्याच्या आकलनाची चर्चा कशावर करणार?

जौनपूरचा धडा

आकडे समोर आल्यावर लोक जागे होतील, शाळेला जाब विचारतील, ही आशा त्या काळात अनेकांना होती. ती पडताळण्यासाठी 2005-06 मध्ये उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात 280 गावांत प्रयोग झाला. अभ्यासकांत बॅनर्जी आणि दुफ्लो यांच्यासोबत 'प्रथम'च्या रुक्मिणी बॅनर्जी स्वतः होत्या. 65 गावांत सभा घेऊन शाळेवर देखरेख करणाऱ्या ग्राम शिक्षण समितीचे अधिकार लोकांना समजावून सांगितले. दुसऱ्या 65 गावांत याशिवाय गावकऱ्यांनाच तो कागद देऊन मुलांची पातळी तपासायला आणि गावाचे प्रगतिपत्रक मांडायला शिकवले. तिसऱ्या 65 गावांत हे सगळे, शिवाय गावातल्या तरुणांना वाचनवर्ग कसा घ्यायचा ते दाखवले. उरलेल्या 85 गावांत काहीच केले नाही.

पहिल्या दोन्ही प्रकारांचा परिणाम शून्य. समिती जागी झाली नाही, शिक्षक जास्त आले नाहीत, मुले जास्त शिकली नाहीत. गावात अशी समिती आहे हेच बहुतेक पालकांना माहीत नव्हते, आणि सभेनंतरही फार फरक पडला नाही. माहिती दिली की लोक आपोआप व्यवस्था बदलतात, या आवडत्या समजुतीला हा सणसणीत धक्का होता. मला यात गावकऱ्यांचा दोष दिसत नाही. रोजंदारीवरच्या माणसाने मुख्याध्यापकाशी भांडून उपयोग होत नाही हे अनुभवातून शिकलेले असते.

तिसऱ्या प्रकारात मात्र काहीतरी घडले. 65 पैकी 55 गावांत तरुण मुले-मुली बिनपैशांची शिकवायला पुढे आली, आणि ज्या मुलांनी त्या वर्गांत हजेरी लावली ती स्पष्टपणे पुढे गेली. पण त्या गावांतली एकूण 8 टक्के मुलेच वर्गात आली. ज्यांना अजिबात वाचता येत नव्हते त्यांच्यातलीही 13 टक्केच. औषध गुणकारी होते, पण रोग्यापर्यंत पोहोचत नव्हते.

सगळी मुले एका ठिकाणी येतात ती जागा म्हणजे शाळा. आणि तिथे रोज पगारी माणूस हजर असतो तो म्हणजे शिक्षक. 2007 पासून 'रीड इंडिया' या मोहिमेखाली संस्थेने राज्य सरकारांसोबत काम सुरू केले, ते या विचाराने. त्यातूनच आपण पश्चिम चंपारणला पोहोचतो.

जून आणि जुलै

बिहारच्या शाळांतल्या शिक्षकांशी बोलल्यावर जे कळले ते आपल्याकडच्या कोणत्याही जिल्हा परिषद शाळेतल्या बाई सांगतील असेच होते. पद्धत त्यांना पटली होती, ती चांगली आहे असे ते म्हणत होते. पण वर्ग चौथीचा, पुस्तक चौथीचे, तपासायला येणारा अधिकारी विचारणार कितवा पाठ झाला. चौथीच्या वर्गात बाराखडी घेताना कुणी पाहिले तर? अभ्यासक्रम मागे राहिला तर? म्हणून नवे साहित्य आले तरी ते नेहमीच्या पाठाला जोडून थोडेसे वापरले गेले, किंवा कपाटात राहिले. मुलांचे पातळीप्रमाणे गट पाडणे, म्हणजे पद्धतीचा गाभा, तेवढाच गळला.

सुट्टीत ना इयत्ता होती ना पुस्तक. शिक्षकाला एकच काम होते: या मुलांना वाचते करा. शाळा भरली की त्याच माणसावर दुसरे काम येते आणि ते पहिल्याला खाऊन टाकते.

2010 मध्ये शिक्षणहक्क कायदा लागू झाला. त्यातल्या 24 व्या कलमात शिक्षकाची कर्तव्ये आहेत आणि ठरलेल्या मुदतीत संपूर्ण अभ्यासक्रम पूर्ण करणे हे त्यांपैकी एक. त्याच कलमात मुलाची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवणेही आहे. कागदावर दोन्ही शेजारी शेजारी. पण वर्षाचे तास मोजले तर पहिले कर्तव्य दुसऱ्यासाठी वेळच ठेवत नाही, आणि तपासणीत विचारले जाते ते पहिलेच.

बिहारमध्ये शाळांचा आणखी एक, तिसरा गट होता. तिथे साहित्य आणि प्रशिक्षणाबरोबर 'प्रथम'चे स्वयंसेवकही होते, आणि तिथे मुले शिकली. हे स्वयंसेवक बहुतेक शाळेच्या वेळेबाहेर वर्ग घेत. उत्तराखंडमध्ये याच प्रकारचा प्रयोग झाला तेव्हा स्वयंसेवकांना शाळांनी नेहमीच्या वर्गावर जुंपले, जादा शिक्षक म्हणून. तिथे परिणाम नाहीसा झाला. म्हणजे माणूस कोण आहे, सरकारी की बिनसरकारी, यावर गोष्ट ठरत नव्हती. त्याला त्या तासात काय करायचे आहे, यावर ठरत होती.

एक तास

यानंतरचा प्रयोग हरियाणात, 2012-13 मध्ये. या वेळी सरकारशी बोलताना संस्थेने साहित्याआधी वेळापत्रकाचा विषय काढला. शाळेच्या दिवसात एक वेगळा तास द्यायचा. त्या तासात तिसरी-चौथी-पाचवीची मुले इयत्ता सोडून पातळीप्रमाणे बसतील. शिक्षक त्या तासात पाठ्यपुस्तक उघडणार नाही. आणि हे सरकारी आदेश म्हणून सांगायचे, म्हणजे बाराखडी घेणाऱ्या शिक्षकाला कुणाला घाबरावे लागणार नाही.

दुसरी गोष्ट देखरेखीची. हरियाणात शाळांना भेट देणारे गटपातळीवरचे सरकारी समन्वयक असतात, साधारण आपल्याकडच्या केंद्रप्रमुखांसारखे. त्यांना शिक्षकांचे प्रशिक्षण द्यायला सांगण्याआधी स्वतः वर्गावर उभे केले. पंधरा-वीस दिवस त्यांनी या पद्धतीने मुलांना शिकवले, मुले वाचू लागलेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. मग ते शिक्षकांकडे गेले. या सगळ्या कहाणीत मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. शिक्षकाला सल्ला देणाऱ्याने आधी त्या मुलांसमोर बसलेले असावे, हे ऐकायला साधे आहे, पण आपल्या प्रशिक्षणांच्या इमारतीत त्याला जागा नसते. सभागृहात माईकवरून पद्धत सांगणाऱ्या किती तज्ज्ञांनी मागच्या वर्षभरात एखाद्या अडलेल्या मुलाला वाचते केले असेल?

हिंदी वाचनात 0.15 प्रमाण विचलनाचा फायदा दिसला. तोही सरकारी शिक्षकांकडून, शाळेच्या वेळेत, जादा माणूस न नेमता. त्याच राज्यात त्याच काळात सातत्यपूर्ण मूल्यमापनाच्या, म्हणजे मुलांच्या प्रगतीच्या वर्षभर नोंदी ठेवण्याच्या, योजनेचीही अशीच परीक्षा झाली आणि तिचा मुलांच्या शिकण्यावर काही परिणाम आढळला नाही. शिक्षकांनी तक्ते भरले. ज्यांनी त्या काळात आपल्याकडे नोंदवह्या भरल्या त्यांना याचे नवल वाटणार नाही.

उत्तर प्रदेशात परिस्थिती अधिक बिकट होती. तिथे शाळेतली व्यवस्था हरियाणासारखा तास सांभाळू शकेल असे दिसत नव्हते. म्हणून 2013-14 मध्ये 'प्रथम'च्या कार्यकर्त्यांनी स्वयंसेवकांसोबत शाळेतच, शाळेच्या वेळेत शिबिरे घेतली. दहा किंवा वीस दिवसांचे सलग सत्र, मग विश्रांती, मग पुन्हा. वर्षाला एकूण पन्नास दिवस. त्या दिवसांत शाळेचा नेहमीचा कार्यक्रम थांबायचा. वर्षअखेर शिबिरे झालेल्या शाळांत जवळपास निम्मी मुले उतारा किंवा गोष्ट वाचू लागली होती. तुलनेतल्या शाळांत ती सुमारे पाव होती. 0.6 ते 0.7 प्रमाण विचलन, म्हणजे हरियाणाच्या चौपट किंवा त्याहून जास्त. शिक्षणातल्या प्रयोगांत एवढा आकडा क्वचित दिसतो.

यातला कुठला मार्ग निवडावा, याचे उत्तर आकडाच देत नाही. उत्तर प्रदेशचा फायदा मोठा, पण कार्यकर्ते गेले की शिबिर जाते. हरियाणाचा फायदा लहान, पण तो व्यवस्थेच्या हाडामांसात शिरू शकतो. माझा कौल हरियाणाला आहे. मुलांना वाचायला शिकवणे हे सरकारी शाळेचे मूळ काम. ते बाहेरच्या संस्थेने पन्नास दिवसांत करून दिले तर त्या वर्षीच्या मुलांचे भले होते, पण पुढच्या वर्षीची पहिली पुन्हा तिथेच उभी असते.

सीमेपलीकडे

पुढचा विस्तार थोडक्यात सांगतो. 'असर'च्या धर्तीवर पाकिस्तानात आणि 2009 पासून केनिया, टांझानिया, युगांडात 'उवेझो' नावाने नागरिकांची सर्वेक्षणे सुरू झाली. पातळीनुसार शिकवण्याची पद्धत झांबियासह आफ्रिकेतल्या अनेक देशांत तिथल्या सरकारांनी उचलली. शिक्षणातल्या कामासाठी माधव चव्हाणांना 2012 मध्ये वाइज पारितोषिक मिळाले, 2015 पासून धुरा सांभाळणाऱ्या रुक्मिणी बॅनर्जींना 2021 मध्ये यिदान पारितोषिक. 2019 चे अर्थशास्त्राचे नोबेल बॅनर्जी, दुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना मिळाले, त्यामागच्या कामात कुर्ल्याच्या शाळांतल्या बालसखीही आहेत. त्यांची नावे कुठल्या सन्मानपत्रावर नाहीत.

भारतातही धोरणाची भाषा बदलली. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञान सर्वांत वर ठेवले आणि जुलै 2021 मध्ये त्यासाठीचे 'निपुण भारत' हे सरकारी अभियान सुरू झाले. मधे टाळेबंदी आली. सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांत दुसरीचा मजकूर वाचू शकणारी 2018 मध्ये 20.9 टक्के होती, 2022 मध्ये 16.3 वर आली आणि 2024 मध्ये 23.4 वर गेली. म्हणजे टाळेबंदीपूर्वीच्याही पुढे. 2024 ची पाहणी 605 ग्रामीण जिल्ह्यांतल्या साडेसहा लाखांच्या आसपास मुलांची आहे, त्यामुळे ही वाढ मनावर घेण्यासारखी आहे.

पाचवीचे चित्र तसे नाही. सरकारी आणि खासगी शाळा मिळून 2018 मध्ये 50.5 टक्के, 2022 मध्ये 42.8, 2024 मध्ये 48.8. अजून मागेच. हिशेब घालून पाहिला की कारण दिसते. 2024 च्या तिसरीतली मुले पहिलीत आली तेव्हा शाळा उघडल्या होत्या, नवे साहित्य आले होते, सरकारचे लक्ष त्यांच्यावर होते. 2024 च्या पाचवीतली मुले पहिलीत आली ती 2020 मध्ये. त्यांच्या पहिलीचा वर्ग बंद होता. 'निपुण भारत'चे मुख्य लक्ष्य तिसरीपर्यंतचे, आणि ते सुरू झाले तेव्हा ही मुले दुसरीत, बहुतेक घरीच. आता त्यांच्या हातात वरच्या इयत्तांची पुस्तके आहेत आणि वर्गात येणारा अधिकारी कितवा पाठ झाला तेच विचारतो आहे.